उद्या येणार ना सर?

४ जानेवारी
ट्रेनिंगचा पहिला दिवस. संस्थेने ही वही दिली. मुखपृष्ठावर ‘माझे मन, माझा मित्र’. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, रोज आपल्या भावना लिहा, कोणी वाचणार नाही. कोणी वाचणार नसेल तर खरं लिहायला माझी काहीच हरकत नाही.

नवी नोकरी: फॅसिलिटेटर. विषय: सामाजिक-भावनिक शिक्षण. वस्तीतल्या शाळेतल्या मुलांना शिकवायचं की राग आला तर काय करावं, दुसऱ्याच्या मनातलं कसं ओळखावं, दिलेला शब्द कसा पाळावा. पुस्तक नाही, परीक्षा नाही, निकाल नाही. इतकं माझ्या मापाचं काम आजवर निघालंच नव्हतं.

ही बारावी नोकरी. आधीच्या अकरा मी सोडल्या असं लोक म्हणतात. मी सोडल्या नाहीत, त्यांच्या पुढे निघून गेलो.

दुपारी ‘ऐकण्याची कला’ हे सत्र होतं. खिडकीबाहेर एक माणूस शिडी न घेता विजेच्या खांबावर चढत होता. तो उतरेपर्यंत सत्र संपलं. नोट्स कोणाच्या तरी घेऊ.

५ जानेवारी
ताईला नोकरीचं सांगितलं. तिने पोळपाटावरून मान वर न करता विचारलं, किती दिवसांची? मी म्हटलं, आधी साठ दिवसांची ट्रायल, मग कायम. ताई म्हणाली, तुझं म्हणतेय मी.

भाऊजी मला ‘पाहुणे’ म्हणतात. सहा महिने त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपतोय, त्याला पाहुणचार म्हणतात हे मला मान्य नाही. आज त्यांनी अट घातली. म्हणाले, पाहुणे, आयुष्यात एकदा, कुठेही, साठ दिवस पूर्ण करून दाखवा. सोफा तुमचा. नाही झालं तर एक तारखेपासून माझ्या मित्राच्या फरशीच्या दुकानात, आणि राहायचं पण तिथेच, गोदामाच्या माळ्यावर.

मी म्हटलं, मंजूर. साठ दिवस म्हणजे काय? माणसं त्याहून जास्त दिवस हिवतापात काढतात.

८ जानेवारी. दिवस १
सहावीचा वर्ग. अडतीस मुलं. माझा तास पहिला, आठ ते पावणेनऊ. नंतर वर्गाच्या बाईंचं गणित.

संस्थेने एक पेटी दिली आहे. त्यात:
मोठा तक्ता, ‘मनाचं हवामान’. चार खाने: ऊन, ढग, पाऊस, वादळ. प्रत्येकाच्या नावाचा कपडे वाळत घालायचा चिमटा. मुलांनी सकाळी आल्या आल्या आपला चिमटा आपल्या खान्यात लावायचा. फॅसिलिटेटरनेही लावायचा. मी माझा उन्हात लावला आणि विषय संपवला.
कापडी चेंडू. गोलात बसायचं, ज्याच्या हातात चेंडू त्यानेच बोलायचं.
एक सतरंजी आणि उशी. हा शांत कोपरा. वादळ असलेल्याने तिथे जाऊन बसायचं.

मुलं हुशार. एक मुलगा साधं ‘हजर’ म्हणतो तर शेजारच्या वर्गातली मुलंही उभी राहतात. त्याला सगळे भोंगा म्हणतात. शेवटच्या बाकावर एकजण झोपलेलाच असतो, तो कुंभकर्ण. दोन वेण्यांची एक मुलगी आहे, तिला वकील म्हणतात. का, ते तीन मिनिटांत कळलं. चेंडू माझ्या हातात नसताना मी बोललो म्हणून तिने मला गप्प बसवलं.

तास संपल्यावर सगळ्यांनी घेरून विचारलं, उद्या येणार ना सर? पहिल्याच दिवशी! काही माणसांत ते असतंच.

९ जानेवारी
आजही विचारलं, उद्या येणार ना सर? वर्गातली निम्मी मुलं बोटांवर काहीतरी मोजत होती. माझे गुण मोजत असावीत.

१२ जानेवारी. दिवस ५
बाईंनी सांगितलं की या वर्षी मी तिसरा. पहिल्या ताई एक्केचाळीस दिवस होत्या, मग आल्याच नाहीत. दुसरे सर एकोणीस. सांगूनही गेले नाहीत. पेटी ओसरीत पडून होती.
काय ही माणसं! मुलांच्या भावनांशी असा खेळ? मी संतापलो. पोटातून श्वास घेतला. तेवढ्यात खाली भंगारवाल्याच्या गाडीवर आख्खा पियानो चाललेला दिसला, मग राग गेला. पियानो कुठे नेतात ते बघून आलो. कुठेच नाही, भंगारातच.

१७ जानेवारी. दिवस ८
क्रांती झाली. आज तक्त्यावर एकतीस वादळं!
मुलं मोकळी होऊ लागली आहेत. एकतीसजण शांत कोपऱ्यात गेले. जागा कमी पडली म्हणून कोपरा दारापर्यंत, मग व्हरांड्यात, मग मैदानात गेला. मैदानात त्यांची वादळं क्रिकेट खेळून शमली. मॅडमना मेसेज केला की प्रतिसाद अभूतपूर्व आहे.

१८ जानेवारी
मॅडमचा फोन आला. शांत कोपऱ्यात बॅट कुठून आली, हा त्यांचा एकमेव प्रश्न. मोठं चित्र बघायची दृष्टी सगळ्यांना नसते.

१९ जानेवारी. दिवस १०
उपाय केला. ऊन असेल त्याला एक बिस्कीट. लगेच सदतीस ऊन. भोंग्याने दोन बिस्किटं मागितली, म्हणे माझ्याकडे खूपच ऊन आहे.
फक्त वकिलीण ढगात. मी समजावलं, तक्ता कसा छान पिवळा दिसतोय बघ. म्हणाली, सर, बिस्कीट तुमचं, चिमटा माझा.
लहान आहे. वळण लागेल.

२३ जानेवारी. दिवस १२
संकल्प: शिस्त. पावणेआठपर्यंत झोपून मी स्वतःच आज पळत पळत पोचलो, तेव्हा जाणवलं की वर्गात वक्तशीरपणा कमी आहे. जाहीर केलं की दहा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर, कारण चालणार नाही.
वकिलीण आठ बाराला आली. म्हणाली, आई लवकर कामावर गेली, धाकट्याला बालवाडीत सोडून आले. मी ठामपणे गैरहजेरी लावली. शब्द म्हणजे शब्द. तिने काही वाद घातला नाही. नुसती वही काढून काहीतरी लिहून घेतलं. नोट्स घेते पोरगी. कौतुक वाटलं.

१ फेब्रुवारी. दिवस १९
आज मुलं फारच प्रेमळ. तास संपेपर्यंत सगळ्यांचे डोळे माझ्यावर. घंटा झाली आणि मी उद्या भेटू म्हणालो, तर भोंगा कपाळावर हात मारून ओरडला. आनंदाने, बहुधा.
वर्गात एक पत्र्याचा डबा फिरतो. त्यात खोडरबर. मुलं आपापले खोडरबर त्यात टाकतात. मी बचतीबद्दल बोललो होतो, त्याचा परिणाम. मॅडमना कळवलं: मुलांमध्ये सामूहिक बचतीची सवय निर्माण.

१३ फेब्रुवारी
आज तब्येत बरी नव्हती. बाईंना सकाळीच कळवलं, ताप. जुना पूल पाडत होते. असा पूल काही रोज पाडत नाहीत.

१४ फेब्रुवारी
मुलांनी विचारलं, ताप कुठे आला होता सर? मी म्हटलं, अंगात. वकिलीण म्हणाली, बरं, पण सांगून गेलात हे चांगलं केलंत.

२८ फेब्रुवारी
सोफ्याची एक स्प्रिंग बाहेर आली आहे. भाऊजी म्हणाले, सोफासुद्धा कंटाळला, पण टिकून आहे बघा पाहुणे. त्यांच्या बोलण्यात सतत टोमणा असतो. शांत कोपरा त्यांनाच द्यायला हवा. मी सुचवलं. ताईने मला बाल्कनीत पाठवलं.

४ मार्च. दिवस ४१
पुन्हा तेच, सगळे टक लावून. मी उद्या येणार म्हटल्यावर वर्गात आवाजच आवाज, डब्याची खडखड. वकिलीण मात्र एकटीच हसत होती. मला तिच्यात बदल दिसू लागला आहे. माझा प्रभाव हळूहळू चढणारा आहे, पण चढतो.

१८ मार्च. दिवस ५१
मॅडमनी कळवलं, पंचवीसला पाहणी. बाहेरून एक तज्ज्ञ बाई येणार. त्यांच्या अहवालावर पुढच्या वर्षीचं सगळं ठरणार. म्हणजे माझं कायम होणं.
तयारीला लागलो. मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतोय. राग आला तर? दहा आकडे मोजतो. मित्र रडला तर? जवळ बसतो, ऐकतो. भोंग्याने विचारलं, खरंच जवळ बसायचं की तेवढं उत्तर द्यायचं? मी म्हटलं, उत्तर दे.

२२ मार्च. दिवस ५५
रंगीत तालीम. सदतीस ऊन. वकिलिणीला बाजूला घेऊन विनवलं, एक दिवस उन्हात ये. तिने विचारलं, तुम्ही रोज ऊनच कसं सांगता? मी म्हटलं, स्वभाव. तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मीच खिडकीकडे बघितलं. बाहेर काही चालूही नव्हतं.

२५ मार्च. दिवस ५६
पाहणी झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
तज्ज्ञ बाई मागे बसल्या. चष्मा, झोळी, हातात पेन. तक्त्यावर सदतीस ऊन, एक ढग. त्या तक्त्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, वा, सगळीकडेच ऊन. मग विचारलं, सरांचा चिमटा कुठे?
माझा चिमटा घरी. वेफर्सचा पुडा उघडा राहिला होता, त्याला लावलाय. एक महिना झाला.
मी घसा साफ करत होतो तेवढ्यात वकिलीण उभी राहिली. म्हणाली, सरांचं हवामान आम्ही लिहितो, कारण सर खरं लावत नाहीत. आणि तीच वही काढली. मला वाटायचं त्यात माझ्या नोट्स आहेत. आहेतच, एका अर्थी.
तिने वाचलं. दहावा दिवस: चिमटा ऊन, खरं ढग. आम्हाला हसायला सांगितलं, स्वतः हसले नाहीत. बारावा दिवस: चिमटा ऊन, खरं वादळ. स्वतः उशिरा उठले, ओरडले आम्हाला. सव्विसावा: पाऊस. घरी कोणीतरी बोललं असणार, डबा उघडला पण खाल्ला नाही.
तज्ज्ञ बाईंनी विचारलं, मग सरांना वादळ असलं की तुम्ही काय करता? मी मनात म्हटलं, दहा आकडे मोजतो म्हणा रे. भोंगा म्हणाला, मी हळू बोलतो. जुळ्या बहिणींपैकी एक म्हणाली, फळ्याजवळचं स्टूल रिकामं ठेवतो, त्यांना बसायला. कुंभकर्ण झोपेतून उठून म्हणाला, मी घोरत नाही. आणि परत झोपला.
हे मी शिकवलेलं नाही. तालमीतलं एक वाक्यही त्यांनी म्हटलं नाही.
तज्ज्ञ बाई बराच वेळ लिहीत होत्या. जाताना माझ्याशी हात मिळवला, जरा जास्तच हळुवारपणे.
एकंदरीत उत्तम झालं असं मला वाटतं.

२६ मार्च. दिवस ५७
अहवाल आला. मॅडमनी फोनवर वाचून दाखवला. मुलांची प्रगती अपेक्षेपलीकडे, दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता विलक्षण, मुलं आणि वर्गशिक्षिका मिळून कार्यक्रम स्वतः चालवू शकतील. फॅसिलिटेटरची गरज दिसत नाही.
म्हणजे मी इतका यशस्वी झालो की माझी जागाच उरली नाही.
ताईला हेच सांगितलं. ती ओट्याला टेकून हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, अरे बाळा, साठ तरी पूर्ण कर. भाऊजी म्हणाले, अट अटच आहे, नोकरी राहो न राहो. साठ झाले तर सोफा तुमचा, पाहुणे. स्प्रिंगसकट.

२७ मार्च. दिवस ५८
राजीनामा देऊन टाकायचं ठरवून गेलो. स्वाभिमान आहे. गोलात बसलो, चेंडू हातात घेतला आणि सांगितलं, मुलांनो, आज माझा शेवटचा दिवस.
भोंग्याने उडी मारली. आज? अठ्ठावन्न? अठ्ठावन्नवर कोण आहे रे? डबा उघडून खोडरबरांवर लिहिलेले आकडे बघितले. कोणीच नव्हतं.
तेव्हा सगळं कळलं. पैज. तिसरा सर किती दिवस टिकेल. ज्या दिवशी सर न सांगता येणार नाहीत त्याच्या आदल्या दिवशी मोजणी थांबणार, नीट सांगून गेले तर त्या दिवशी. ज्याचा आकडा बरोबर त्याला सगळे खोडरबर. बहुतेकांनी दहा ते वीसमध्ये लावलेले. भोंगा एकोणीसवर. काहीजण एक्केचाळीसवर. रोज ‘उद्या येणार ना सर’ ते यासाठी.
हे मी इथे लिहितोय कारण वही कोणी वाचणार नाही. लागलं. चांगलंच लागलं.
मी विचारलं, साठवर कोणी लावलंय? सगळ्यांनी वकिलिणीकडे बघितलं. तिचे सगळेच्या सगळे बावीस खोडरबर साठवर. त्यात एक सुगंधी.
मी चेंडू तिला दिला. ती म्हणाली, ही माझी चौथी शाळा. बाबांचं बांधकाम संपलं की आम्ही जातो, नेहमी मध्येच. मला एकदा कुठलीतरी गोष्ट शेवटपर्यंत झालेली बघायची होती. तुम्ही जरा वेंधळे आहात, पण पुलाच्या वेळी निदान सांगून गेलात. म्हणून लावले.
मी राजीनामा मागे घेतला. तो दिलाच नव्हता, तरी मागे घेतला. सर्वांसमोर शब्द दिला: साठ.

२८ मार्च. दिवस ५९
गेलो. सात पंचावन्नला! वेफर्सचा पुडा सोडवून माझा चिमटाही नेला. उन्हात लावणार होतो, सगळे खाकरले, मग ढगात लावला. हलकं वाटलं. हे आधी कोणी का सांगितलं नाही? (तक्त्याच्या खाली छापलं आहे. आज वाचलं.)
उद्याची तयारी: तीन अलार्म. कपडे इस्त्री. ताईला सांगितलंय, पाणी ओत पण उठव. भाऊजी म्हणाले, पाणी मी ओततो. घरात पहिल्यांदाच एकी दिसली.

२९ मार्च. दिवस ६०. दुपार
सहाला उठलो. पहिल्याच अलार्मला. सातला घराबाहेर. आयुष्यात इतका वेळेआधी मी कुठेच निघालो नव्हतो, आणि घोटाळा तिथेच झाला. हाताशी एक तास होता. वाटेत चौकातल्या इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. काळी, प्रचंड, एका दोरावर. मी म्हटलं, पाचच मिनिटं. वाऱ्याने टाकी फिरायला लागली, खाली एकजण उजवीकडे घे सांगत होता, वर एकजण डावीकडे. अशात कोण निघेल? टाकी बसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. घड्याळ बघितलं.
नऊ दहा.
धावत गेलो. वर्गात गणित चालू होतं. कोणी वर बघितलं नाही.
सुट्टीत मुलांनी गोल केला. सर आले की नाही आले, यावर सुनावणी. जुळ्या म्हणाल्या, आलेत की, समोर उभे आहेत. भोंगा म्हणाला, अर्धं धरा, साडेएकोणसाठ. कोणीतरी म्हणालं, घाम बघा त्यांचा, त्याला तरी काही मार्क द्या. मी बोलायला हात वर केला. चेंडू माझ्याकडे कोणी टाकला नाही.
शेवटी चेंडू वकिलिणीकडे आला. ती थोडा वेळ तो दाबत बसली. तिने ‘सर आले’ म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. बावीस आणि वरचे सगळे खोडरबर तिचे. माझा सोफा माझा.
तिने वही उघडली. म्हणाली, बारावा दिवस. दहा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर, कारण चालणार नाही. हे सरांनीच ठरवलं होतं. मी आठ बाराला आले होते, तेव्हा लागली होती गैरहजेरी. सर तास संपल्यावर आलेत, आणि सांगून नाही. म्हणून नाही आले.
एकोणसाठवर फक्त कुंभकर्ण होता. आकडा विचारला तेव्हा त्याने झोपेत काहीतरी म्हटलं होतं, ते एकोणसाठ ऐकू आलं होतं. डबा त्याच्या बाकावर ठेवला. तो उठला नाही.
वकिलिणीने सुगंधी खोडरबर डब्यातून काढून शेवटचा एकदा हुंगला आणि परत टाकला. मग तक्त्याजवळ गेली, आपला चिमटा पावसात लावला. मला म्हणाली, तुमचा?
मी तिच्या शेजारी लावला. मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, टाकी बसली का नीट?
मी म्हटलं, बसली.
म्हणाली, चला, काहीतरी तरी शेवटपर्यंत झालं.

१ एप्रिल
फरशीचं दुकान. पहिला दिवस. माळ्यावर जागा चांगली आहे, वारा येतो, गोण्यांवर सतरंजी टाकली की सोफ्यापेक्षा बरं. स्प्रिंग नाही.
फरशी हा खोल विषय आहे. इथे मी बराच पुढे जाईन असं दिसतंय. मालकांना दोन-तीन सूचना केल्यासुद्धा. त्यांनी मला मागच्या बाजूला फरश्या मोजायला बसवलं.
संध्याकाळी निघताना हमालाने खांद्यावरचं फडकं झटकत सहज विचारलं, उद्या येणार ना?
मी विचारलं, कितीवर लावलंय?
तो जरा लाजला. म्हणाला, आठ.